सर्जरीचा ०८४४ नंबर आणि मावशींचं टॉप-अप

ताई, नमस्कार.

आम्ही दोघं तीन वर्षांपूर्वी पुण्याहून लंडनला, हॅरोमध्ये राहायला आलो. खालच्या फ्लॅटमध्ये एक मावशी राहतात. मूळच्या साताऱ्याच्या, पण पन्नास वर्षं इथेच गेली. काका गेल्यापासून एकट्याच असतात. स्मार्टफोन वापरत नाहीत. साधा मोबाइल आहे, पे ॲज यू गो, त्यात महिन्याला दहा पाउंडांचं टॉप-अप टाकतात.

आमची आणि त्यांची जीपी सर्जरी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना, एकच. तिचा नंबर ०८४४ ने सुरू होतो. सकाळी आठला फोन लावायचा आणि रांगेत थांबायचं. गेल्या महिन्यात मावशींचं टॉप-अप रांगेतच संपलं आणि फोन कट झाला. त्यानंतर चार दिवस त्यांनी फोनच केला नाही. छातीत कफ भरला होता, तरी कुणाला काही बोलल्या नाहीत. मला कळल्यावर मी माझ्या मोबाइलवरून लावला. माझा अनलिमिटेड मिनिटांचा प्लॅन आहे, तरीही त्या चौदा मिनिटांच्या कॉलचे ९ पाउंड ८० पेन्स बिलात वेगळे लागले.

रिसेप्शनवर विचारलं, तर "फोन कंपनीशी करार आहे, आमच्या हातात नाही" एवढंच उत्तर मिळालं. नवरा म्हणतो, ॲपवरून अपॉइंटमेंट घे, मावशींचीही घेऊन दे, विषय संपला. आपण व्हिसावरची माणसं, डॉक्टरांशी वाकडं कशाला घ्यायचं? मला ते पटत नाही. याविरुद्ध काही करता येतं का? आणि आम्ही करावं का?

– हॅरोची एक वाचक

---

नमस्कार.

आधी मावशींच्या तब्येतीचं. पुन्हा असं झालं आणि सर्जरीला फोन लागला नाही, तर एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, १११ नंबर लावायला सांगा. तो नंबर मोबाइलवरूनही फुकट आहे, टॉप-अप शून्य असलं तरी चिंता नाही, आणि दुभाषा हवा असेल तर मागता येतो. श्वास लागत असेल, छातीत दुखत असेल तर थेट ९९९. हे दोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या फोनजवळ लावून ठेवा. बाकीचं सगळं यानंतर.

आता तुमचा प्रश्न. करता येतं. आणि करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मावशींचे चार दिवस अंगावर काढण्यात गेले, ते पैशांपायी गेले. सरकारी दवाखाना फुकट आहे, पण त्याच्या दाराशी पोचायला मिनिटावर पैसे मोजावे लागतात, ही गोष्ट मला फार लागते.

तुमच्या बिलाचीच फोड करू. चौदा मिनिटांचे ९ पाउंड ८० पेन्स, म्हणजे मिनिटाला ७० पेन्स. १ जुलै २०१५ पासून ब्रिटनमध्ये ०८४, ०८७, ०९ आणि ११८ या नंबरांच्या कॉलचे पैसे दोन भागांत आकारले जातात. एक सर्व्हिस चार्ज, जो नंबर घेणाऱ्या संस्थेच्या आणि तिच्या फोन कंपनीच्या बाजूला जातो. दुसरा ॲक्सेस चार्ज, जो तुमची स्वतःची मोबाइल कंपनी घेते. ०८४ च्या नंबरावर सर्व्हिस चार्ज मिनिटाला ७ पेन्सच्या वर जाऊ शकत नाही, तशी मर्यादाच आहे. म्हणजे तुमच्या ७० पेन्सपैकी निदान ६३ पेन्स तुमच्याच मोबाइल कंपनीने घेतले. उरलेल्या सातात सर्जरीच्या वाट्याला काही आलंच असेल, तर ते आणखी कमी. सर्जरीने असा नंबर घेऊन फार कमाई केली असं नाही. तिच्या पदरात काही पेन्स पडावेत म्हणून पेशंटच्या खिशातून पाउंड जातात. सर्जरीच्या मॅनेजरना हा हिशोब कुणी असा मांडून दाखवलेला नसतो. तुम्ही दाखवा. पुष्कळदा भांडणापेक्षा याचा उपयोग होतो.

अनलिमिटेड प्लॅनमध्ये हे नंबर का बसत नाहीत, हेही समजून घ्या, कारण रिसेप्शनवर कुणीतरी तुम्हाला "हा तर लोकल रेटचा नंबर आहे" असं सांगेल. कधीकाळी ते खरं होतं. शहरातल्या कॉलला एक दर आणि परगावच्या कॉलला दुसरा, असे दिवस होते तेव्हा ०८४५ ला लोकल आणि ०८७० ला नॅशनल दर लागायचा. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, माणसाने देशातून कुठूनही स्वस्तात फोन करावा, अशी ती सोय होती. पुढे लोकल आणि नॅशनल हा फरकच मिटला. ०१ आणि ०२ ने सुरू होणारे साधे नंबर महिन्याच्या प्लॅनमध्ये आले. हे ०८ वाले मात्र प्लॅनच्या बाहेर राहिले, कारण त्यांच्या कॉलमधला वाटा पुढच्या बाजूला द्यायचा असतो. सर्जऱ्यांना ०८४४ गळी उतरवला गेला तोही याच वाट्यामुळे. रांग लावणारी, "दोन दाबा, तीन दाबा" सांगणारी नवी फोन यंत्रणा हवी, तिचा खर्च काही अंशी पेशंटच्या कॉलमधून भागेल, असा तो सौदा होता, आणि करार बहुधा लांब मुदतीचे असत. आता त्यातला अन्याय पाहा. रांग जितकी लांब, तितकी वसुली जास्त. जो आजारी माणूस जास्त वेळ ताटकळतो, तोच जास्त भरतो.

आणि हे सगळं नियमात बसतं का? नाही. इंग्लंडमध्ये २००५ मध्येच जीपींना ०८७ चे नंबर वापरायला मनाई झाली. मग बऱ्याच सर्जऱ्या ०८४४ वर आल्या. त्याविरुद्ध पेशंट, काही खासदार आणि चिकाटीने पत्रं लिहिणारे मोजके कार्यकर्ते बोलत राहिले, आणि १ एप्रिल २०१० पासून जीपींच्या एनएचएस करारातच अट आली: साध्या ०१ किंवा ०२ नंबरापेक्षा पेशंटला जास्त पैसे पडतील असा फोन करार नव्याने करायचा नाही, जुना वाढवायचाही नाही. आधीचे करार चालू असतील तर वर्षभरात त्यांचा आढावा घ्यायचा, आणि पेशंटला जास्त पडत असेल तर करार बदलून, वाटाघाटी करून, गरज पडल्यास मोडून, शक्य ते सगळं करायचं. तेही जमलं नाही, तर पेशंटने मागितल्यास सर्जरीने स्वतःच्या खर्चाने उलट फोन करण्याची सोय विचारात घ्यायची. तेव्हा "करार आहे, आमच्या हातात नाही" हे उत्तर २००९ मध्ये एक वेळ चाललं असतं. आज कुणी ते देत असेल, तर पुढचा प्रश्न सरळ आहे: हा करार कोणत्या तारखेचा? २०१० नंतर केलेला किंवा वाढवलेला असेल, तर तो करतानाच अट मोडली गेली. आणि त्याआधीचा असेल, तर इतक्या वर्षांत आढावा कधी घेतला, हे त्यांनी दाखवायला हवं.

या अटीत एक पळवाट आहे, ती आधीच सांगून ठेवते. "एकूण व्यवस्था पाहता" पेशंटला जास्त पडू नये, असे शब्द त्यात आहेत. त्यांचा आधार घेऊन काही सर्जऱ्या म्हणत आल्या, की लँडलाइनवरून तर आमचा नंबर जवळपास तेवढ्यालाच पडतो. म्हणून पत्रात तर्क कमी आणि बिलं जास्त हवीत. मोबाइलवरून चौदा मिनिटांचे ९ पाउंड ८० पेन्स, आणि त्याच महिन्यात ०२० च्या नंबरावरचे सगळे कॉल शून्य. या दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या की "जवळपास तेवढ्याला" म्हणायला जागा उरत नाही.

तुमच्या यजमानांच्या मुद्द्याकडे येते, कारण त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. परक्या देशात राहताना कागदपत्रं नीट असावीत, नाव कुठल्या वादात येऊ नये, असं वाटणं साहजिक आहे. पण इथे ती भीती चुकीच्या जागी आहे. एनएचएसकडे केलेल्या तक्रारीचा व्हिसाशी काही संबंध नाही. तुमच्या व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स", म्हणजे सरकारी भत्ते आणि मदत मिळणार नाही, असं लिहिलेलं असेल, तरी त्या फंडांच्या यादीत एनएचएसचे उपचार येत नाहीत. उलट तुम्ही व्हिसा घेताना आरोग्याचा सरचार्ज भरलाय. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला तो वर्षाला १,०३५ पाउंड आहे. तुम्ही सर्जरीच्या दारात उपकार मागायला उभ्या नाही आहात. तक्रारीचे कागद पेशंटच्या वैद्यकीय नोंदींपासून वेगळे ठेवायचे, हा एनएचएसचा शिरस्ता आहे. तक्रार पोचल्याची पोच तीन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवी, हेही ठरलेलं आहे. आणि यजमानांना आणखी एक सांगा: भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहणाऱ्या माणसाला ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. तुम्ही दोघांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं नसेल तर याच आठवड्यात नोंदवा. खासदाराला पत्र लिहिताना खाली "आपली मतदार" असं लिहिता येईल.

ॲपचं म्हणाल, तर ॲप तुमच्यासाठी ठीक आहे. मावशींची अपॉइंटमेंट तुम्ही घेऊन दिलीत तरी त्यांची सोय होईल. पण तुम्ही घर बदललंत तर? आणि ज्यांच्या वरच्या मजल्यावर तुमच्यासारखं कुणी नाही, त्यांनी काय करायचं? पन्नास वर्षं या शहरात स्वतःच्या हिमतीवर काढलेल्या बाईला डॉक्टरांशी बोलायला मध्यस्थ लागावा, हेच मला मान्य नाही. ज्यांना ॲप जमतं त्यांना ०८४४ चा खर्च कधी पडतच नाही. तो पडतो म्हाताऱ्यांना, टॉप-अपवर जगणाऱ्यांना, इंग्रजी वाचायला अडखळणाऱ्यांना. म्हणून तर असे नंबर इतकी वर्षं टिकतात: ज्यांना झळ बसते ते तक्रार करत नाहीत आणि ज्यांना तक्रार करता येते त्यांना झळ बसत नाही. तुम्ही दोन्ही बाजूंना ओळखता. म्हणूनच हे काम तुम्हीच करावं असं मला वाटतं.

काम कसं करायचं ते सांगते.

पहिलं पत्र सर्जरीच्या प्रॅक्टिस मॅनेजरना. स्वर सौम्य, मागणी नेमकी. मागणी अशी: ०८४४ च्या जागी ०३४४ घ्या. हे फार थोड्यांना माहीत असतं. ऑफकॉम या नियामक संस्थेने २००७ मध्ये ०३ चे नंबर सुरू केले. त्यांचा दर ०१ आणि ०२ पेक्षा जास्त असता कामा नये, प्लॅनमधल्या मिनिटांत ते धरलेच पाहिजेत, आणि त्यांच्या कॉलमधून कुणाला वाटा देता येत नाही. त्यातले ०३०० सारखे ०३० चे नंबर सरकारी आणि धर्मादाय संस्थांसाठी राखीव आहेत. ०३४ आणि ०३७ मात्र मुद्दाम अशांसाठी ठेवलेत, जे ०८४ किंवा ०८७ सोडू पाहतात. बाकीचे आकडे तेच राहतात, फक्त आठाच्या जागी तीन येतो. नवीन नंबर पाठ करायची गरज नाही, रांगेची यंत्रणाही आहे तशी चालू शकते. मॅनेजर म्हणतील, पेशंट गोंधळतील, पाट्या बदलाव्या लागतील. एक आकडा बदलायचाय, एवढंच त्यांना सांगा.

मावशींच्या वतीने लिहिणार असाल तर त्यांची सही असलेली संमती जोडा. त्यांना स्वतः तोंडी तक्रार करायची असेल, तर तीही चालते. नियमांत तोंडी तक्रारीला तेवढीच किंमत आहे. मला विचाराल तर त्यांनाच बोलू द्या, तुम्ही शेजारी बसा.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज द्या. जीपी सर्जरी तिच्या एनएचएसच्या कामापुरती सन २००० च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली येते. साधा ईमेल पुरतो, स्वतःचं खरं नाव हवं, आणि वीस कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारायचं एवढंच: फोनचा करार कधी झाला, कधी वाढवला, कधी संपतो, २०१० च्या अटीप्रमाणे आढावा कधी घेतला आणि त्यात काय ठरलं, कॉलमधून सर्जरीला किंवा तिच्या फोन यंत्रणेच्या खर्चापोटी काही रक्कम मिळते का, आणि करार मध्येच सोडला तर किती भरावं लागेल. भारतात आरटीआय टाकलेल्या माणसाला हे काम नवं नाही. या देशातले सरकारी कचेऱ्यांचे महागडे नंबर बदलले, त्यात अशा अर्जांचा हातभार मोठा होता. एकेका खात्याला, एकेका ट्रस्टला शांतपणे विचारलेले हे प्रश्न. प्रश्न आला की कुणालातरी करार कपाटातून काढून वाचावा लागतो.

त्याच आठवड्यात भागाच्या आयसीबीला, म्हणजे इंटिग्रेटेड केअर बोर्डाला, वेगळं पत्र लिहा. जीपींचे करार तेच सांभाळतात. इथे एक बारकावा आहे. तक्रार म्हणून एकच दार निवडायचं असतं, सर्जरी किंवा आयसीबी. दोन्हीकडे तीच तक्रार चालत नाही. म्हणून तक्रार सर्जरीकडे करा, आणि आयसीबीला "या सर्जरीत कराराची ही अट पाळली जाते का, तपासावं" असं कराराबद्दलचं पत्र लिहा. सर्जरीच्या उत्तराने समाधान झालं नाही, तर पुढे आरोग्य ओम्बुड्समन, म्हणजे अशा तक्रारी तपासणारा स्वतंत्र लोकपाल, आहे. तिथे जाण्याआधी सर्जरीचं शेवटचं लेखी उत्तर हातात हवं, म्हणून सगळं लेखी ठेवा, फोनवर झालेलं बोलणंही त्याच दिवशी ईमेल करून पक्कं करा.

माझा सगळ्यात मोठा भर मात्र माणसं जोडण्यावर आहे. एका बाईची तक्रार "गैरसमज" म्हणून फाइलला लागते. वीस बिलं एकत्र आली की तसं करता येत नाही. इंग्लंडमधल्या प्रत्येक जीपीला पेशंटांचा गट, म्हणजे पीपीजी, चालवावाच लागतो. एप्रिल २०१५ पासून तीही करारातली अट आहे. बऱ्याच ठिकाणी तो गट ओस पडलेला असतो. तुम्ही त्यात जा आणि पुढच्या बैठकीच्या विषयांत फोन नंबर घालायला सांगा. तुमच्या हॅरोत गुजराती आहेत, श्रीलंकेतून आलेले तमिळ आहेत. त्यांच्याही आज्या आणि आजोबा त्याच रांगेत थांबतात. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ लंडन आहे, १९३२ पासून चालत आलेलं. तिथे जमणाऱ्या ज्येष्ठांना एवढंच विचारा, "तुमच्या सर्जरीचा, कौन्सिलचा नंबर कशाने सुरू होतो?" कित्येकांनी तो आकडा कधी नीट पाहिलेलाही नसेल. मग नगरसेवक आणि खासदार. कौन्सिलच्या आरोग्यविषयक समितीला स्थानिक सेवांबद्दल जाब विचारता येतो, खासदार मंत्र्यांना लिहू शकतात.

"एवढ्याशा गोष्टीने सरकार हलतं का?" असं कुणी म्हणेल. हललेलं आहे. २०१३ च्या जुलैत ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने हिशोब मांडला, की २०१२-१३ या एका वर्षात लोकांनी केंद्र सरकारच्या महागड्या नंबरांवर फोन करण्यात सुमारे ५ कोटी ६० लाख पाउंड घालवले. कर, पेन्शन, बेकारी भत्ता, अशा कामांचे हे नंबर. ज्याला भत्ता हवाय, त्यानेच मिनिटामिनिटाला पैसे मोजायचे. संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर कान उपटले, विच? या ग्राहक संघटनेने मोहीम उघडली, आणि डिसेंबर २०१३ मध्ये कॅबिनेट ऑफिसला लेखी मार्गदर्शन काढावं लागलं, की गरीब आणि अडचणीतल्या लोकांनी मूलभूत सरकारी सेवांसाठी फोनला मोठी किंमत मोजणं योग्य नाही, खात्यांनी ०३ चे नंबर द्यावेत. कर खातं ०३०० वर गेलं, कामगार आणि पेन्शन खातं ०३४५ वर. एनएचएस डायरेक्टचा ०८४५ चा नंबर जाऊन फुकट १११ आला. जून २०१४ पासून दुकानदारालाही, विकलेल्या मालाबद्दल विचारायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला ०८४ चा नंबर देता येत नाही; पुढच्या वर्षी बँका आणि विमा कंपन्यांनाही तशीच बंदी आली. टोस्टरच्या तक्रारीसाठी जे चालत नाही, ते छातीतल्या कफासाठी चालवून घ्यायचं?

पण ०३ मिळाला की सगळं झालं, असं समजू नका, कारण मावशी पे ॲज यू गोवर आहेत. २०१७ मध्ये हेच घडलं. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे बेकार आणि कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारा सरकारी भत्ता, त्याची हेल्पलाइन तेव्हा ०३४५ वर होती. प्लॅनवाल्यांना काही पडत नव्हतं, पण टॉप-अपवाल्यांना काही कंपन्यांकडून मिनिटाला ५५ पेन्सपर्यंत लागत होते, आणि पैसे संपले म्हणूनच तर ते फोन करत होते. ऑक्टोबरमध्ये संसदेत त्यावरून गदारोळ झाला, आठवड्याभरात तेव्हाचे कामगार आणि पेन्शन मंत्री डेव्हिड गॉक यांनी ती लाइन फुकट करण्याचं जाहीर केलं आणि नोव्हेंबरमध्ये ०८०० चा नंबर आला. पोलिसांच्या १०१ नंबरालाही एका कॉलचे १५ पेन्स पडायचे. १ एप्रिल २०२० पासून तोही फुकट झाला. म्हणून सर्जरीकडे दुसरी मागणीही करा: रांगेत थांबायच्या ऐवजी "आम्हीच तुम्हाला फोन करू" असा पर्याय. आणि मावशींना महिन्याच्या मिनिटांचा साधा सिम-ओन्ली प्लॅन बघा. साध्या बटणांच्या फोनमध्ये तो चालतो, नंबर तोच ठेवता येतो, आणि कित्येक ठिकाणी तो दहा पाउंडांच्या आतच मिळतो. त्यात ०३ आणि ०२० चे कॉल येतील. ०८४४ त्यातही येणार नाही, हे मात्र त्यांना नीट सांगा, नाहीतर पुन्हा धक्का बसेल.

तोवर मधला उपाय म्हणजे ०८४४ च्या मागे दडलेला साधा नंबर शोधणं. असे बहुतेक नंबर शेवटी एखाद्या ०१ किंवा ०२ च्या लाइनवरच वळवलेले असतात. सर्जरीच्या जुन्या पत्रांवर, हॉस्पिटलने पाठवलेल्या रेफरलवर, कधी "परदेशातून फोन करण्यासाठी" म्हणून दिलेल्या जागी तो सापडतो. हॅरोत असाल तर ०२० ८ ने सुरू होणारा नंबर बघा. पूर्वी लोक अशा पर्यायी नंबरांच्या याद्याच करून एकमेकांना द्यायचे. "से नो टू ०८७०" ही साइट त्यासाठीच प्रसिद्ध होती. नंबर मिळाला तर मावशींच्या फोनमध्ये घालून द्या. पण तेवढ्यावर पत्र लिहायचं सोडू नका, कारण तो नंबर तुम्हाला सापडेल, रांगेतल्या बाकीच्यांना नाही.

शोधताना जपून. इंटरनेटवर सरकारी खात्याचं नाव टाकून नंबर शोधला, की कधीकधी वरती जाहिरात येते. तिच्यात ०८७ किंवा ०९ चा नंबर असतो. फोन खरोखरच त्या खात्याला जोडून दिला जातो, पण मधला दलाल पूर्ण वेळ मीटर चालू ठेवतो. ०९ चा सर्व्हिस चार्ज मिनिटाला ३ पाउंड ६० पेन्सपर्यंत असू शकतो, ॲक्सेस चार्ज वेगळा. नंबर घ्यायचा तो सरकारच्या किंवा एनएचएसच्या स्वतःच्या साइटवरून, नाहीतर घरी आलेल्या पत्रावरून. आपल्याकडून इथे आलेल्या आईवडिलांनाही हे सांगा. १८०० म्हणजे फुकट, या भारतातल्या सवयीने ते इथला ०८ ने सुरू होणारा प्रत्येक नंबर फुकट समजतात. इथे ०८० चे नंबर तेवढे फुकट, आणि मोबाइलवरून तेही २०१५ पासूनच.

एक शेवटची गोष्ट तपासा. ०८४४ जिथे जिथे छापलाय, सर्जरीच्या पाटीवर, पत्रकावर, साइटवर, तिथे त्याच्या शेजारी "मिनिटाला इतके पेन्स, अधिक तुमच्या फोन कंपनीचा ॲक्सेस चार्ज" असं लिहिलेलं आहे का? ते लिहिणं आवश्यक आहे. नसेल तर फोटो काढा आणि पत्राला जोडा. मॅनेजरना त्याचं उत्तर लगेच द्यावं लागेल.

पत्र सोमवारी गेलं तर गुरुवारपर्यंत पोच यायला हवी, आणि माहितीचं उत्तर साधारण महिन्याभरात. ते आलं की मला त्याची प्रत पाठवा, नकार आला तर नक्कीच. नकारात कराराची तारीख असेल. ती पाहून पुढचं पत्र ओम्बुड्समनला जायचं की आधी आयसीबीच्या मागे लागायचं, ते आपण ठरवू.